गळीच्या मोसंबीची चकती

कॉलेजात माझ्या माघारी मला ‘प्लास्टिकवाली’ म्हणत. समोर मॅडमच. पण स्टाफरूमचं दार मी जरा लवकर ढकललं की उरलेला अर्धा शब्द कानावर पडायचा आणि सगळे एकदम परीक्षेच्या वेळापत्रकाविषयी बोलायला लागायचे. मला राग यायचा. राग मला लहानपणापासून झटकन येतो आणि मग घरजावयासारखा मुक्काम ठोकून बसतो. बाकी नाव काही खोटं नव्हतं. नव्वदच्या दशकातली माझी पाच-सहा वर्षं खरोखरच प्लास्टिकपायी गेली, आणि तेही दुकानात मिळणाऱ्या नव्हे, जिवाणूंच्या अंगात तयार होणाऱ्या.

मला हवी होती ती एक चकती. पुरीएवढी, दोन बोटांत पकडून उजेडासमोर धरता येईल अशी. मोसंबीच्या साखरेवर वाढवलेल्या जिवाणूंपासून काढलेल्या प्लास्टिकची ती चकती मार्चअखेर औरंगाबादला माझ्या मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवली, तर पीएच.डी.चं काम पुढे सरकणार होतं. नाही ठेवली, तर नोंदणीची वाढवून घेतलेली मुदतही संपणार होती आणि मी जन्मभर ‘काम चालू आहे’ म्हणणाऱ्यांपैकी एक होणार होते. सरांनी हे फार गोड शब्दांत सांगितलं होतं. गोड बोलणाऱ्या माणसांची मला भीती वाटते.

प्रकरण तसं समजायला सोपं आहे. मातीत काही जिवाणू असतात. त्यांना साखर भरपूर दिली आणि नत्र, म्हणजे पिकाला आपण युरियातून देतो ते, तोडलं, तर त्यांची वाढ थांबते. साखर तर समोर पडलेलीच असते. मग ते ती खाऊन तिचे बारीक दाणे करून अंगात साठवतात, माणसाच्या अंगावर चरबी चढावी तसे. हे दाणे क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचे, ते द्रावण काचेच्या बशीत ओतून उडून जाऊ द्यायचं, की तळाशी पापुद्रा उरतो. तेच प्लास्टिक. आणि ते फेकलं तर मातीतले दुसरे जिवाणू त्याला खाऊन संपवतात. सगळी मेख त्या उपासात आहे. नत्र मिळालं की हे पठ्ठे पुन्हा वाढीला लागतात आणि साठवलेलं स्वतःच फस्त करून टाकतात.

शुद्ध साखरेवर हे कुणीही करील, पण मग पिशवी तिच्यातल्या किराण्यापेक्षा महाग पडेल. म्हणून साखर फुकटातली हवी. कारखान्याची मळी घ्यायची तर सरकारी परवाना लागतो. एका बाटलीसाठी मी तीन खेपा घातल्या आणि नाद सोडला. आमच्या अंबड तालुक्यातल्या गावात फुकट मिळणारी साखर एकच, ती म्हणजे गळीची मोसंबी. झाडावरून आपोआप गळून पडणारी ही फळं बाजारात कुणी विचारत नाही. बांधाला त्यांचे ढीग लागतात आणि माशा घोंघावत राहतात. आमच्या बागेत असा ढीग वर्षानुवर्षं एकाच जागी पडायचा. एका दिवाळीत त्या ढिगाखालची ओंजळभर माती मी जालन्याला नेली आणि तिच्यातूनच माझे जिवाणू निघाले. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचा भारी अभिमान. ‘आपल्याच बागंतले हायेत ते,’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, भावकीतलं कुणी नोकरीला लागलंय.

नवीन जालन्यात मी दोन खोल्यांत एकटी राहायचे. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं याची गावात निरनिराळी कारणं सांगितली जात आणि त्यातली दोन-तीन खरीही होती. आई मी बारावीला असतानाच गेली. गावी आबा आणि भावाचं कुटुंब. कॉलेजात भारनियमनामुळे वीज दिवसातून दोन-तीनदा जायची, आणि फ्लास्क सतत हलवत ठेवणारं यंत्र, शेकर, बंद पडलं की जिवाणूंना हवा मिळत नाही. माझी खोली इस्पितळाच्या लाइनीवर होती, तिथं वीज क्वचितच जायची. म्हणून प्राचार्यांची सही घेऊन शेकर मी घरीच आणला आणि बाहेरच्या खोलीत मांडला. चोवीस तास खडखड. घरमालकीण विचारायची, ‘मॅडम, झोप कशी लागते हो तुम्हाला?’ मला त्या खडखडीशिवाय झोप लागेनाशी झाली होती, हे तिला कसं सांगणार? कॉलेजातून आल्यावर कुलूप काढायच्या आधी आत काहीतरी चालू असल्याचा आवाज येणं, हे एकट्या माणसाला फार असतं. रविवारी कधी कधी संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघालेला नसायचा. मग मी उगाच मोठ्यानं तापमान वाचायचे.

त्या वर्षी हिवाळ्यात आबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं. मीच हट्ट धरला की जालन्यातच करू, माझ्याकडे महिना-दीड महिना राहा. एरवी बाग सोडून ते दुसऱ्या गावी एक रात्र काढत नसत, पण या वेळी लगेच हो म्हणाले.

‘बाग ताणावर सोडलीय,’ ते म्हणाले. ‘आता तिकडं माझं काईच काम न्हाई. तुझ्या भावाला ताकीद दिलीय, थेंब पाणी सोडायचं न्हाई.’

ताकीद म्हणजे साधी नव्हे. मागे एकदा काकांनी ताणाच्या दिवसांत चुकून बागेला पाणी सोडलं होतं, तर आबा वर्षभर त्यांच्याशी बोलले नव्हते. मोसंबीवाल्याच्या घरात जन्मल्यामुळे ताण हा शब्द मला बाळकडूबरोबरच मिळाला होता, आणि म्हणूनच त्याचा मी कधी विचार केला नव्हता. थंडीत बागेचं पाणी तोडतात, झाडं मलूल होतात, मग केव्हातरी पुन्हा पाणी देतात. मला एवढंच ठाऊक होतं. त्या दिवसांत मी शाळेत पाढे नाहीतर सनावळ्या पाठ करत असायचे.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवा चष्मा आला. वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, ओझं उचलायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आबा रोज सकाळी पेन्सिलीनं एक उभी रेघ मारत. डोळ्यात औषध घातल्याची खूण असेल, असं मी धरून चालले.

दिवसभर मी कॉलेजात आणि आबा शेकरशेजारच्या खुर्चीत. शहरात त्यांना बोलायला कुणी नव्हतं. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन येत. ‘माणसं चांगली हायेत,’ म्हणत, ‘पण समदी जल्दीत.’ मी संध्याकाळी यायचे तीही जल्दीतच. भाकरी टाकायची, वह्या काढायच्या. त्यांना करमत नाही हे मला दिसत होतं, पण बघितलं की काहीतरी करावं लागतं, म्हणून मी बघत नव्हते. दोन खोल्यांत आम्ही दोघं एकेकटे राहत होतो.

हळूहळू त्यांना फ्लास्कांचा लळा लागला. आवाज जरासा बदलला तरी मी आल्या आल्या सांगत, ‘डाव्या अंगाचा पट्टा ढिला पडलाय बघ.’ आणि तो पडलेला असे. मी स्पिरिटचा दिवा पेटवून फ्लास्कचं तोंड ज्योतीवर कसं फिरवते, कापसाचा बोळा करंगळीत कसा धरते, हे सगळं ते टक लावून पाहत. ‘सोवळं लई कडक हाय तुझं,’ असं म्हणत.

एका संध्याकाळी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. आबांनी विचारलं, ‘पेरतानी तू ह्यांना बाटलीतलं पांढरं खत देती. मंग वरखत कधी देती?’

पांढरं म्हणजे अमोनियम सल्फेट, सुरुवातीच्या वाढीपुरतं दिलेलं नत्र. शेतकऱ्याला ते ओळखायला लेबल लागत नाही.

‘न्हाई देत,’ मी म्हणाले.

‘बिलकुल न्हाई?’

‘बिलकुल न्हाई.’

‘चार-चार दिस? नुसत्या साखरंवर?’

‘आबा, ते तुमाला न्हाई कळायचं,’ असं म्हणून मी पुढची उत्तरपत्रिका ओढली. त्या उत्तरपत्रिकेत एका मुलीनं अर्धं पान चुकीचं लिहिलं होतं, तर मी समासात तिला सगळं नीट समजावून लिहिलं. तेवढा वेळ माझ्याकडे होता.

दुसऱ्या आठवड्यापासून माझं नशीब फळफळलं. दर चार दिवसांनी मी फ्लास्क रिक्षात मांडीवर घेऊन कॉलेजात नेत असे, तिथल्या यंत्रात फिरवून जिवाणू तळाशी बसवत असे आणि वाळवून त्यांची भुकटी बाटलीत साठवत असे. आधी एका खेपेला जेमतेम चमचाभर निघायची, आता दोन चमचे निघायला लागली. नियम असा की प्रत्येक खेपेचा एक थेंब काचेवर घेऊन, काळा आणि गुलाबी असे दोन रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. अंगात प्लास्टिक असेल तर काळे ठिपके दिसतात, नसेल तर नुसते गुलाबी जिवाणू. हे न करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी फाडून खायचे. आणि स्वतः त्या महिन्यात एकदाही केलं नाही. वजन वाढत होतं, मी दमलेली होते, आणि खरं सांगायचं तर चांगल्या बातमीची उलटतपासणी करायला मी तयारच नव्हते. सरांना पत्रसुद्धा टाकून मोकळी झाले. घरी आबांना म्हणाले, ‘यंदा लई जोमात आलंय.’

आबा हिरव्या चष्म्याआडून हसले. ‘येणारच की,’ म्हणाले.

डिसेंबर संपता संपता बाटली भरली. क्लोरोफॉर्मचं काम कॉलेजातच करावं लागे. एका दुपारी द्रावण गाळून बशीत ओतलं, झाकून ठेवलं, आणि घरी येऊन आबांना म्हटलं, उद्या तुम्हीच चला बघायला. सकाळी ते धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला आणि रिक्षात माझ्याशेजारी ताठ बसले. आमच्या विभागातले दोघे सहकारीही प्रयोगशाळेत आले. मीच बोलावलं होतं. प्लास्टिकवालीचं प्लास्टिक बघा एकदाचं, असं मनात होतं.

मी झाकण काढलं. बशीच्या तळाशी पिवळसर, तेलकट कडं होतं, ताटात तूप थिजून राहतं तेवढं. चिमट्यानं खरवडलं तर टोकाला थोडं चिकट लागलं, बस्स. महिन्याभराची भुकटी, आणि तिच्यात प्लास्टिक जवळजवळ नव्हतंच.

मग आबा पुढे वाकले. वाकायची मनाई होती, तरी वाकले. बशीत निरखून पाहिलं आणि काळजीनं म्हणाले, ‘खत कमी पडलं का, माय? मी तर रोज चिमूट-चिमूट देत होतो.’

मला आधी अर्थच लागेना. ते सांगत राहिले. रोज दुपारी साबणानं हात धुऊन, दिवा पेटवून, बोळा करंगळीत धरून, अगदी माझ्यासारखं. ‘एक बी नासू दिलं न्हाई. बराबर केलं ना?’

बराबरच केलं होतं. एका डोळ्यावर नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसानं महिनाभर रोज बोळा काढला-घातला आणि एकाही फ्लास्कमध्ये बाहेरचं काही शिरू दिलं नाही. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे एक दिवस जमत नाही. त्यांनी उपाशी जिवांना जेवू घातलं होतं, आणि ते गुणी जीव साठवलेलं सगळं खाऊन मजेत वाढले होते. माझ्या सहकाऱ्यांपैकी एकाला हसू आवरेना. दुसरा म्हणाला, ‘मॅडम, शोधनिबंधात यांचंही नाव टाका.’

आणि मी ओरडले. ओरडायचं होतं त्या दोघांवर, पण राग उताराकडे धावतो, जिथं अडवणारं कुणी नसतं तिकडे. मी आबांवर ओरडले. ‘ज्यातलं कळत न्हाई त्यात हात कशाला घालता? जन्मभर ढेकळं फोडली, तितंच ऱ्हायचं व्हतं. हितं बोलावलं कुणी तुमाला?’

बोलावलं मीच होतं. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. आबांनी हिरवा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा डोळ्यावर चढवला आणि म्हणाले, ‘चल, घरी जाऊ.’

दुसऱ्या दिवशी ते अंबडच्या गाडीनं निघाले. मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी अर्धा तास उशिरा सुटली. माफी मागायला अर्धा तास पुष्कळ होतो. मी तो वेळ गाडीची पाटी वाचण्यात घालवला. खिडकीतून ते म्हणाले, ‘डोळ्याचं औषध घेतलंय मी.’ मी मान हलवली.

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, आणि आठ-दहा दिवसांनंतर त्या रेघांशेजारी रोज एक बारीक ठिपका. ठिपके कशाचे ते आता कळत होतं. एक चिमूट, एक ठिपका. एखाद्या दिवशी चुकून दोनदा पडू नये म्हणून. रेघा मी औषधाच्याच समजले. वर्ष बदललं तरी ते पान फाडायला माझा हात गेला नाही.

पुढे दुष्काळात तेरावा महिना. जानेवारीत शेकरची मोटर जळाली. नवी पुण्याहून यायची होती आणि येतच नव्हती. खोलीत असा शुकशुकाट झाला की मी कुलूप काढायच्या आधी दारात उभी राहून किल्ल्या वाजवायचे. त्या दिवसांइतकं एकटं मला आईच्या मागेही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा चूक माझी नव्हती.

फेब्रुवारीत भावाच्या मुलीचं बारसं निघालं म्हणून गावी गेले. आबा नीट बोलले. फारच नीट, पाहुण्याशी बोलावं तसं. दुपारी मी बागेत गेले आणि वासानंच थबकले. झाडं पांढऱ्या फुलांनी लगडली होती. पानं कमी, फुलं जास्त. आमचा बहार दरसाल घेणारे जालन्याचे म्हातारे बागवान आबांबरोबर झाडं बघत फिरत होते.

‘क्या फूल आया है, आबा!’ ते म्हणाले. ‘यंदा ताण बिलकुल बराबर बसला.’

‘बसंल न्हाई तर काय,’ आबा म्हणाले. ‘पन्नास दिस थेंब दाखवला न्हाई. एवढ्या कसदार जमिनीत झाड उपाशी ठिवलं, तव्हा फुललं. मधीच कुणी दया येऊन पाणी सोडलं असतं, तर नुसती पालवी फुटली असती. फूल औषधाला दिसलं नसतं.’

मी होते तिथंच बांधावर बसले. नुसती पालवी, फूल औषधाला नाही. माझी ती भरलेली बाटली डोळ्यांसमोर आली. जिवाणूंच्या उपासावर मी इंग्रजीत एक आख्खं प्रकरण लिहून ठेवलं होतं, खाली बारीक टाइपात संदर्भ देऊन. ते सगळंच्या सगळं माझ्या बापाला येत होतं, आणि माझ्याहून जास्त वर्षं येत होतं. मी एक शब्द बोलले असते, तर त्यांनी त्या फ्लास्कांवर काठी घेऊन पहारा दिला असता. ‘तुमाला न्हाई कळायचं’ म्हणाले होते मी. कळत नव्हतं ते मला.

संध्याकाळी ओसरीवर चहा घेताना मी म्हणाले, ‘आबा, ते फ्लास्क. मी त्यांना ताण दिल्ता.’

आबांनी ओठाला लावलेली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘म्हंजे मी ताण तोडला.’

‘तुमी न्हाई. मी सांगितलं न्हाई.’

‘तुझ्या त्या कॅलेंडरवर मी बागंचे दिस मोजत होतो. रोज एक रेघ. सकाळी रेघ मारायची, अन् दुपारी त्याच हातानं तुझा ताण तोडायचा.’ ते हसले, आणि मग त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. ऑपरेशनचा डोळा आहे, असं आम्ही दोघांनीही धरलं. ‘एवढंच सांगायचं न्हाई का, माय? एका शब्दाचं तर काम होतं.’

‘चुकलं माझं,’ मी म्हणाले. फ्लास्कांपुरतं ते पुरेसं होतं. ढेकळांविषयी बोलले त्याला काय म्हणायचं, ते मला सुचलं नाही, आणि आबांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही.

मार्च आला आणि गेला. सरांचं पत्र आलं, तेही गोडच. एप्रिलमध्ये मोटर आली तेव्हा खरं तर तिचा काही उपयोग नव्हता, तरी मी पुन्हा सुरुवात केली. आता घाई नव्हती. प्रत्येक खेपेचा थेंब रंगवून पाहिला. गुलाबी अंगात काळे ठिपके, खसखशीसारखे. मे संपताना बशीच्या तळाशी चकती आली. पांढुरकी, ठिसूळ, एका कडेला जरा वाकडी. कॉलेजात मी ती कुणालाही दाखवली नाही. वहीच्या पानांत घालून सरळ अंबडची गाडी धरली.

आबांनी ती दोन बोटांत पकडून ऑपरेशनच्या डोळ्यासमोर धरली, उजेडात फिरवली, मग हुंगली.

‘मोसंबीचा वास न्हाई राह्यला.’

‘न्हाई.’

‘हे मातीत जातं म्हणती ना? किती दिसांत?’

‘माहीत न्हाई. आपल्या मातीत कुणी पुरून बघितलंच न्हाई.’

त्यांच्या चेहऱ्यावर पुरून बघायची इच्छा स्पष्ट दिसत होती, तरी चकती त्यांनी माझ्यापुढे केली. ‘एकच हाय. ठिवून दे.’

एकच होती. ती दाखवून औरंगाबादला पुन्हा हातापाया पडता आलं असतं. तो विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण मी म्हणाले, ‘दुसरी करू की,’ आणि खुरपं मीच आणून दिलं. जिथली माती मी नेली होती त्याच जागी, गळीच्या ढिगाशेजारी, त्यांनी वीतभर खाली चकती ठेवली, माती लोटली आणि खुणेला वर वीट ठेवली. दुसरी काही मी केली नाही. जूनमध्ये कॉलेजनं शेकर परत मागवला.

मग आमचे फोन सुरू झाले. अमावास्येला गावात कुणी औत धरत नाही. त्या मोकळ्या दिवशी आबा खुरपं घेऊन जात, वीट सरकवत, हलक्या हातानं माती काढून बघत आणि पुन्हा झाकत. संध्याकाळी गावातल्या एसटीडी बूथवरून माझ्या घरमालकिणीकडे फोन लावत आणि ती मला जिन्यातून हाक मारी.

‘अजून हाय. कडा कुरतडल्यागत झाल्यात.’

‘मधी भोक पडलंय, ज्वारीच्या दाण्याएवढं.’

‘आता बोट लावलं की तुकडा पडतो.’

आधी आमच्याकडे फोनवर बोलायला पाऊस आणि तब्येत यापलीकडे काही नसायचं. आता प्रश्न असायचे. ओल किती होती, मुंग्या होत्या का, रंग बदलला का. मी उत्तरं वहीत तारखेसकट लिहून ठेवत असे. घरमालकीण विचारायची, ‘वडील एवढं काय सांगतात हो?’ ‘चकती किती राहिली ते,’ मी म्हणायचे, आणि ती समजल्यासारखी मान डोलवायची. शेकर नसलेल्या त्या खोलीत मी अमावास्येची वाट बघत बसायचे. अमावास्येची कुणी इतकी वाट पाहिली नसेल.

‘नखाएवढी राह्यलीय,’ आबा माघात म्हणाले. ‘पुढल्या टायमाला जाती बघ.’

पुढच्या अमावास्येला आठ दिवस असताना आबाच गेले. बागेला पाणी देता देता बांधावर टेकले ते उठले नाहीत.

तेरावं झालं, माणसं पांगली. मधे अमावास्या होऊन गेली होती, वीट कुणी सरकवली नव्हती. मी खुरपं घेऊन बागेत गेले. विटेखालची माती मऊ होती, दर महिन्याला त्यांच्या हाताखालून गेलेली. मी वीतभर खाली गेले, आणखी खाली गेले, बाजूला गेले. माती ओंजळीत घेऊन बोटांनी कुस्करली, उजेडाकडे धरून पाहिली. बारीक मुळं, एक गांडूळ, मोसंबीची बी. चकतीचा कण नव्हता. माझ्या सगळ्या वर्षांतला हा एकच निकाल असा होता की ज्यात शंका घ्यायला कुठे जागा नव्हती. मी वीट तिच्या जागी ठेवली, आणि तिथं बसून खूप रडले.

संध्याकाळी पाय आपोआप गावातल्या बूथकडे वळले. मी आत गेले आणि घरमालकिणीचा नंबर फिरवला.

‘मॅडम, तुम्ही?’ ती गोंधळून म्हणाली. ‘कुणाला बोलावू?’

‘कुणाला नाही,’ मी म्हणाले. ‘चकती गेली, एवढंच सांगायचं होतं.’